परदेशातले घरसामान नाशिकला मागवायचे का? दारात पडणारी खरी किंमत कशी काढावी

पोर्तुगालची मातकट रंगाची ताटली, जपानी सुरी, डेन्मार्कचा कागदी लॅम्पशेड. रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलवर ही मंडळी फारच देखणी दिसतात आणि किंमतही आटोक्यातली वाटते. मग ‘शिपिंग’च्या ओळीवर बोट अडते आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, एवढे भाडे भरून ताटली आणायची म्हणजे पैसा जास्त झालाय. दुसरा म्हणतो, इथे तशी मिळतच नाही.

वाद मिटत नाही, कारण दोघेही वाहतुकीचा आकडा वस्तूच्या किमतीशेजारी ठेवून बघत असतात. त्यातून काहीच ठरत नाही. वस्तू तुमच्या दारात पडेपर्यंत एकूण किती रुपये गेले, तो एक आकडा. नाशकात किंवा फार तर मुंबईत मिळणारी तिच्या सर्वांत जवळची वस्तू केवढ्याला, तो दुसरा. या दोहोंतला फरक देऊन नेमके काय जास्त मिळते, याचे उत्तर देता आले तर मागवावे. खालचा सगळा खटाटोप हे दोन आकडे प्रामाणिकपणे काढण्यासाठी आहे.

पहिले काम: खोक्याचे माप काढा

बहुतेकजण वजन विचारतात. कुरिअर कंपनी मात्र दोन वजने काढते: काट्यावरचे आणि आकारमानाचे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५००० ने भागायचे. येईल ते किलोमधले आकारमानी वजन. दोहोंत जे जास्त, त्यावर भाडे लागते, आणि तेही साधारणपणे पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत वर नेऊन. मोठ्या आंतरराष्ट्रीय कुरिअर कंपन्यांचा हाच हिशेब असतो. काही ठिकाणी भाजक ६००० धरतात, तेवढे विचारून घ्यावे.

आता लॅम्पशेड बघा. खोके ४५ × ४५ × ३५ सेंमी. गुणाकार ७०,८७५, भागिले ५०००, म्हणजे १४.२ किलो, भाडे साडेचौदा किलोचे. आतली वस्तू जेमतेम सव्वा किलोची. उरलेल्या सव्वातेरा किलो हवेचे विमानभाडे तुम्ही देता.

याउलट सव्वादहा इंची ओतीव लोखंडाचे अमेरिकन स्किलेट, म्हणजे दांड्याचा जाड तवा. त्याचे वजन सुमारे २.३ किलो. ४५ × ३० × १० च्या खोक्याचे आकारमानी वजन २.७ किलो, आणि पॅकिंगसह प्रत्यक्ष वजनही जवळपास तेवढेच. इथे हवेचे पैसे जात नाहीत, तरी लोखंडाला विमानात बसवल्याचे जातात. सुरीचे खोके ४० × १० × ५ चे असले तर अर्ध्या किलोत काम भागते.

यावरून बरीच छाटणी कागद-पेन न घेताच होते. टोपल्या, उशा, लॅम्पशेड, गाद्या, मोठ्या फुलदाण्या, फ्रेम केलेली चित्रे, उंच दांड्याचे वाइन ग्लास हे सगळे हवेचे गिऱ्हाईक. आपल्याकडे द्राक्षांमुळे वाइनची हौस वाढली आहे, पण सहा ग्लासांचे खोके ३५ × २४ × २८ चे धरले तरी पाच किलोचे भाडे लागते, आणि फुटण्याची धास्ती वेगळी. टेबलक्लॉथ, नॅपकिन, उशांचे अभ्रे (आतल्या उशीशिवाय), किसण्या, सुऱ्या, मापाचे चमचे, दाराच्या मुठी, हुक, साचे या लहान, गच्च आणि न फुटणाऱ्या वस्तू. विचार करायचा तर त्यांचाच.

विक्रेत्याच्या पानावर वस्तूचे माप असते, खोक्याचे नसते. ईमेल करून ‘पॅक केल्यावरचे माप आणि वजन’ विचारा. जो उत्तर देत नाही, तो फुटलेल्या मालाबद्दलही देणार नाही असे मी धरून चालतो.

दुसरे काम: दारातली किंमत मांडा

समजा इंग्लंडमधून चार स्टोनवेअर ताटल्या मागवायच्या आहेत. पानावर किंमत ६० पौंड. आधी एक गोष्ट तपासा. ब्रिटन आणि युरोपात दाखवलेल्या किमतीत तिथला व्हॅट मिळवलेला असतो: ब्रिटन आणि फ्रान्समध्ये २० टक्के, जर्मनीत १९. माल देशाबाहेर जाणार असेल तर तो कर आपल्याला लागू नाही. कित्येक साइट भारताचा पत्ता टाकल्यावर तो आपोआप वगळतात, काही वगळत नाहीत. न वगळणाऱ्याला विचारावे, नाहीच म्हणाला तर दुसरा विक्रेता बघावा. आपल्या उदाहरणात व्हॅट गेल्यावर किंमत ५० पौंड होते. पौंड ११५ रुपये धरला तर ५,७५० रुपये.

वाहतूक ४० पौंड, म्हणजे ४,६०० रुपये.

क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा आकार. बऱ्याच कार्डांवर तो ३.५ टक्के असतो आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे प्रत्यक्षात ४.१३ टक्के. १०,३५० रुपयांवर ४२७. पैसे भरताना पान ‘रुपयांत भरू का?’ असे लाडाने विचारते. तिथे पौंडातच भरा. रुपयांचा दर ते स्वतःच्या सोयीने लावतात.

मग सीमाशुल्क. हे सविस्तर पाहू.

स्वतःच्या वापरासाठी टपालाने किंवा विमानाने आलेल्या वस्तू सीमाशुल्काच्या ९८०४ या शीर्षकाखाली येतात. ताटली असो की टेबलक्लॉथ, दर एकच. शुल्क फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही. किंमत, विमा आणि वाहतूक यांच्या बेरजेवर लागते. म्हणजे वाहतूक खर्च तुम्हाला दोनदा चावतो. मात्र मूल्यनिर्धारणाच्या २००७ च्या नियमांत विमानाने येणाऱ्या मालासाठी एक दिलासा आहे: वाहतूक कितीही लागली असली तरी शुल्कासाठी ती मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. विम्याचा आकडा वेगळा दिलेला नसेल तर १.१२५ टक्के धरतात. आपल्या ताटल्यांसाठी हे गणित असे: ५,७५० अधिक १,१५० अधिक ६५, म्हणजे ६,९६५ रुपये.

दर अर्थसंकल्पागणिक बदलतात. जुन्या लेखांत ७७.२८ टक्के हा भीतिदायक आकडा दिसेल. तो मूळ शुल्क ३५, त्यावर अधिभार आणि वर २८ टक्के आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी) असतानाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीची फेररचना झाली तेव्हा २८ चा टप्पा गेला, आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक वापराच्या वस्तूंचे, मधल्या काळात २० वर आलेले मूळ शुल्क १० टक्क्यांवर आणण्याचे जाहीर झाले. मी खालच्या हिशेबात मूळ शुल्क १० टक्के, त्या शुल्कावर १० टक्के अधिभार आणि सगळ्यांच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी धरतो. तुम्ही ऑर्डर द्याल त्या दिवशीचा दर सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा.

६,९६५ वर मूळ शुल्क ६९७, अधिभार ७०. बेरीज ७,७३१. त्यावर आयजीएसटी १,३९२. एकूण शुल्क सुमारे २,१५८ रुपये, म्हणजे धरलेल्या मूल्याच्या ३१ टक्क्यांच्या आसपास.

शेवटी कुरिअर कंपनीचे हाताळणी शुल्क. तुमच्या वतीने सीमाशुल्क भरल्याबद्दल कंपनी स्वतःचा आकार लावते आणि त्यावरही जीएसटी. ५०० अधिक ९० धरू. सिन्नर, त्र्यंबक, इगतपुरीकडच्या आतल्या गावात राहत असाल तर दूरच्या पिनकोडचा वेगळा आकार लागतो का, तेही विचारा. शहरातला एखादा नातेवाइकाचा पत्ता दिला तर तेवढे वाचू शकते.

बेरीज: ५,७५० + ४,६०० + ४२७ + २,१५८ + ५९० = १३,५२५ रुपये. एक ताटली ३,३८१ रुपयांना पडली. व्हॅट वगळलेल्या किमतीच्या २.३५ पट.

हा ‘किती पट’चा आकडा मी प्रत्येक वेळी काढतो. आता जपानी सुरीचे बघू. किंमत १२,००० येन. १०० येनला ५८ रुपये धरले तर ६,९६०. वाहतूक १,४५०. कार्डाचे ३४७. शुल्क २,६१२. हाताळणी ५९०. एकूण ११,९५९, म्हणजे १.७२ पट. इथे वाहतूक किरकोळ आहे, खिसा शुल्काने कापला. लहान आणि महाग वस्तूला कर जड जातो, मोठ्या आणि स्वस्त वस्तूला भाडे. म्हणून ‘दुसरी सुरी घेतली तर शिपिंग फुकट’ या आमिषाचा सुरीच्या खरेदीत फारसा उपयोग नाही. ताटल्यांच्या खरेदीत थोडा आहे.

माझा ठोकताळा असा: दीडपटीच्या आत आले तर वस्तू आवडली एवढे कारण पुरे. दीड ते दोनच्या मध्ये असेल तर ती इथे खरोखर मिळत नाही, हे सिद्ध व्हायला हवे. दोनच्या वर गेले तर मी सोडून देतो, किंवा कोणी येणारे-जाणारे शोधतो.

‘गिफ्ट लिहून पाठव’

हा सल्ला देणारे एक काका प्रत्येक घरात असतात. त्यांचा काळ गेला. पूर्वी टपालाने येणाऱ्या छोट्या भेटींना शुल्कमाफी होती. डिसेंबर २०१९ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढून ती वाट बंद केली. अपवाद फक्त राखीचा आणि जीवरक्षक औषधांचा. आता भेट असली तरी पूर्ण शुल्क भरावे लागते.

त्याचाच भाऊबंद म्हणजे विक्रेत्याला कमी किंमत लिहायला सांगणे. ते बेकायदा आहे, दंड होऊ शकतो, आणि व्यवहारातही आतबट्ट्याचे ठरते. पन्नास पौंडांच्या ताटल्या ‘दहा पौंड’ लिहून आल्या आणि फुटल्या, तर विमाही दहा पौंडांचाच मिळेल.

आणि विकण्याच्या हेतूने माल आणायचा असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. त्याला आयात-निर्यात कोड लागतो, शुल्काचे दर वस्तूगणिक बदलतात आणि स्टीलच्या भांड्यांसारख्या कित्येक वस्तूंना भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची सक्ती आहे.

तिसरे काम: नाशकातली जवळची वस्तू शोधा

इथे लोक सर्वाधिक आळस करतात. ‘इथे मिळत नाही’ म्हणजे ‘मी मोबाइलवर शोधले, दिसले नाही’ एवढेच बहुधा असते.

आधी वस्तू कुठे बनली आहे ते वाचा. युरोप-अमेरिकेच्या घरसामान दुकानांत भारतातून गेलेला माल भरपूर असतो. ठोक्याचे पितळी वाडगे, मेणबत्तीदाण्या मुरादाबादच्या. चादरी, टेबलावरचे कापड पानिपत आणि करूरचे. विणलेले गालिचे भदोहीचे. कोरीव लाकूडकाम सहारनपूरचे. काचेचे दिवे, हंड्या फिरोजाबादच्या. चिनी मातीची बरीच भांडी खुर्ज्याची. लंडनच्या दुकानातला पितळी वाडगा गंगापूर रोडवर मागवायचा म्हणजे मुरादाबादच्या मालाला समुद्रापार फिरवून आणण्याचे भाडे आपण भरायचे. पानावर ‘मेड इन इंडिया’ दिसले की खिडकी बंद करावी आणि निर्यातीतून उरलेला माल विकणाऱ्या देशी साइट बघाव्यात.

तांब्या-पितळेसाठी तर भांडी बाजार गाठा. ऑनलाइन दिसणारे ‘हॅमर्ड कॉपर’ वगैरे तिथे वजनावर मिळते, हातात घेऊन जाडी बघता येते, कान हलतो का ते तपासता येते, आणि कल्हई कुठे करून मिळेल हे दुकानदारच सांगतो. परदेशी तांब्याच्या पातेल्याला कल्हईची गरज पडली तर जायचे इथेच आहे. (पावसाळ्यात गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर असेल तेव्हा मात्र तिकडे भांडी बघायला जाऊ नये. पाणी बाजारात येते.)

चिनी माती, काच आणि लाकडासाठी कॉलेज रोड, गंगापूर रोडची दुकाने पालथी घालावीत. आयकियाचे नवी मुंबईतले तुर्भ्याचे दुकान डिसेंबर २०२० पासून आहे. स्वीडिश धाटणीचे काही हवे असेल तर आधी तिथल्या साइटवर आपला पिनकोड टाकून पाहा. घरपोच येत नसेल तर प्रत्यक्ष जावे. ती फेरीही फुकट नाही. जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढेमागे पडते, त्यात पेट्रोल, टोल, आणि तिथे गेल्यावर यादीत नसलेल्या वस्तू. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून घाट सोपा झाला, टोल मात्र भरावाच लागतो. हा खर्चही वाहतुकीच्या रकान्यातच लिहावा. पण त्या फेरीत गाडी भरून सामान येते आणि फुटले तर परत देता येते.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. ताटल्यांच्या १३,५२५ रुपयांत खुर्ज्याच्या चांगल्या जाड स्टोनवेअरचा चौघांचा अख्खा संच वाट्या-मगांसह येतो. माझ्या मते ताटल्या हरल्या. सुरीचे तसे नाही. पातळ पात्याची, कडक पोलादाची, जास्त काळ धार धरणारी भाजीची सुरी आपल्या बाजारात सहज दिसत नाही; रोज हातात असते; फुटत नाही. ती घेणाऱ्याला मी अडवणार नाही. अट एकच, घरात धार लावायचा दगड वापरणारे कोणीतरी हवे.

चौथे काम: आपल्या घरात ती चालेल का?

पैसे परवडले म्हणून वस्तू परवडली असे नाही. सर्वाधिक निराशा इथेच होते.

जेवण. युरोपातली डिनर प्लेट जवळपास सपाट असते. तिच्यावर वरणभात वाढून बघा, वरण कडेला निघते. आमरसाच्या दिवसांत तर विचारूच नका. काठ किमान दोन सेंटिमीटर उभा आहे का, हे फोटोत न बघता मापात बघा. खरबरीत, चकाकी नसलेल्या पांढऱ्या ताटल्यांवर हळदीचा डाग बसतो आणि काटा-सुरीच्या राखाडी रेघांबरोबर तोही राहतो. पांढऱ्या लिननच्या टेबलक्लॉथवर मिसळीची तर्री सांडली की त्याचे पुढे काय होते ते नाशिककराला सांगायला नको. घासणार कोण, हाही प्रश्न आहे. मावशी तारेच्या घासणीने घासत असतील तर सोनेरी काठ, नॉनस्टिक आणि नाजूक मुलामा यांचे आयुष्य मोजकेच.

जुन्या बाजारातली, रंगीत नक्षीची ‘विंटेज’ भांडी घेताना तर जास्तच जपावे. जुन्या चकाकीत शिसे, कॅडमियम असू शकते. शोकेसमध्ये ठेवा, त्यात लोणचे नको.

वीज. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०. तिथला राइस कुकर किंवा मिक्सर थेट लावला तर जळेल. उतरता ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि हजार वॉटच्या उपकरणाला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर ओट्यावर मावत नाही. ब्रिटन आणि युरोपचा दाब आपल्यासारखाच, तिथे फक्त प्लग बदलावा लागतो. पण दुरुस्तीला सुटे भाग नाहीत, हमी इथे चालत नाही. विजेवर चालणारी परदेशी वस्तू कुरिअरने मागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मापे. ब्रिटिश ‘किंग’ साइजची गादी १५० × २०० सेंमी असते, म्हणजे आपली क्वीन. आपली किंग ७२ × ७८ इंच. अमेरिकन किंग ७६ × ८० इंच. नाव बघून चादर मागवली की हमखास घोळ. बेकिंगचा अमेरिकन ‘हाफ शीट’ ट्रे १८ × १३ इंचांचा असतो, तो घरगुती ओटीजीत क्वचितच बसतो. अमेरिकन नळ आणि शॉवरचे आटे आपल्या पाइपांच्या आट्यांपेक्षा वेगळे असतात. प्लंबर जोडणी शोधत फिरतो आणि शेवटी टेप गुंडाळून देतो, मग गळती. होल्डर आपल्याकडे बऱ्याच घरांत अजून खटक्याचा बी२२ असतो, परदेशी दिवे बऱ्याचदा आट्याचे.

हवामान. वेत, समुद्री गवत, कच्चे लाकूड यांना नाशिकचे जुलै-ऑगस्ट मानवत नाहीत, बुरशी येते. एप्रिलच्या कोरड्या उन्हात जाड लाकडी फळी तडकते. शिवाय वाळलेली फुले, गवत, प्रक्रिया न केलेले लाकूड असे वनस्पतिजन्य सामान विलग्नवास (क्वारंटाइन) तपासणीत अडकू शकते. हे प्रकार यादीतून काढलेलेच बरे.

पाचवे काम: कोणत्या वाटेने आणायचे

सर्वांत स्वस्त वाट म्हणजे येणारा माणूस. भाचा अमेरिकेहून दिवाळीला येतोय, त्याच्या तिकिटात सामानाच्या दोन बॅगा आहेत आणि एकीत जागा आहे, तर वाहतूक शून्य. विमानाने येणाऱ्या भारतीय रहिवाशाला २०१६ च्या बॅगेज नियमांत ५०,००० रुपयांपर्यंतचे सामान शुल्कमुक्त आणता येत होते. २०२६ च्या नियमांत ही मर्यादा ७५,००० झाली. वस्तू स्वतःच्या वापराची किंवा भेटीची हवी. सुरी चेक-इन बॅगेतच, हातातल्या पिशवीत अजिबात नाही. ओतीव लोखंड, सुऱ्या, साचे, कापड यांच्यासाठी ही वाट उत्तम. पण पाहुण्याला साडेपाच किलोचे झाकणाचे मुलामा दिलेले पातेले आणायला सांगताना, तो २३ किलोतली चौथाई जागा तुम्हाला देतोय, हे लक्षात असू द्या. ऑर्डर तो निघण्याच्या निदान तीन आठवडे आधी त्याच्या पत्त्यावर पोचली पाहिजे. त्याच्या राज्यात विक्रीकर किती तेही विचारा. ओरेगॉन, डेलावेअरमध्ये तो नाही.

टपाल स्वस्त, संथ, आणि बहुतेक देशांत प्रत्यक्ष वजनावर चालते. त्यामुळे हलक्या पण थोड्या मोठ्या वस्तूला कुरिअरपेक्षा टपाल परवडते. आपल्याकडचे परदेशी टपाल मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात तपासले जाते, तिथे शुल्क ठरते आणि पार्सल नाशिकला आल्यावर पैसे घेऊन देतात. तिथे किती दिवस लागतील याचा नेम नाही. राखी-दिवाळीच्या तोंडावर तर नाहीच.

कुरिअर जलद आहे, कागदपत्रे तेच करतात. आधार किंवा पॅन मागतील. ते आधीच देऊन ठेवले तर पार्सल अडून राहत नाही. चेकआउटला ‘डीडीपी’ लिहिले असेल तर शुल्क आधीच घेतले आहे. ‘डीएपी’ किंवा ‘डीडीयू’ असेल तर दारात मागतील. डीडीपीचा आकडा एकदा आपल्या हिशेबाशी ताडून बघावा, काहीजण त्यात बरीच चरबी ठेवतात.

माल-अग्रेषक, म्हणजे परदेशातला पत्ता देऊन तुमची पार्सले एकत्र करून पाठवणाऱ्या कंपन्या, तीन-चार दुकानांतून घ्यायचे असेल तेव्हाच उपयोगी. त्यांना ‘मोठी खोकी काढून पुन्हा पॅक करा’ असे लेखी सांगा, आकारमान तिथेच कमी होते. नाजूक वस्तूसाठी मात्र मूळ पॅकिंग काढू देऊ नका.

समुद्रमार्ग फर्निचरवाल्यांना मोहात पाडतो, कारण दर घनमीटरचे भाडे ऐकायला स्वस्त. न्हावाशेवाला उतरल्यावर कंटेनर यार्ड, कागदपत्रे, एजंट, नाशिकपर्यंतचा टेम्पो हे खर्च वेगळे, आणि एका टेबलासाठीही ते जवळपास तेवढेच. घर हलवत असाल तरच बघा.

फुटले तर

चिनी माती किंवा काच मागवताना दारातल्या किमतीत धोक्याचा रकाना घाला. दहातले एक पार्सल फुटेल असे धरले तर १३,५२५ वर १,३५० मिळवा. विक्रेता ‘फुटल्यास नवीन पाठवू’ म्हणत असेल, तर नव्या पार्सलचे वाहतूक आणि शुल्क कोण भरणार ते विचारा. बहुतेकांचे उत्तर इथे गुळमुळीत होते. परत पाठवणे जमेत धरूच नका. जाण्याचे भाडे येण्याहून जास्त लागते आणि भरलेले शुल्क परत मिळवण्याच्या मागे लागणे चार ताटल्यांसाठी परवडत नाही. म्हणून रंग, माप याबद्दल शंका असलेली वस्तू परदेशातून घेऊच नये.

संच घेताना आणखी एक बघा: पाच वर्षांनी एक ताटली फुटली तर एकच मिळेल का? चारची गरज असेल तर पाच घ्या, खोक्याचे आकारमान फारसे वाढत नाही.

पार्सल निघाल्यावर

ट्रॅकिंग नंबर लिहून ठेवा. ‘तुमचे पार्सल सीमाशुल्कात अडकले आहे, या लिंकवर २५ रुपये भरा’ असे संदेश येतील, ऑर्डर दिलेली नसतानाही येतात. लिंक उघडू नका. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर नंबर टाकून जे दिसेल तेच खरे.

पार्सल आले की खोके सहा बाजूंनी दाखवून, मग न थांबता उघडतानाचा व्हिडिओ घ्या. कोपरा चेपलेला असेल तर पोच देताना तसे लिहून सही करा. तक्रारीची मुदत अनेकदा काही दिवसांचीच असते. शुल्काची पावती आणि हाताळणीचे बिल फेकू नका: कुरिअरने ५०० ऐवजी किती लावले, मूल्य किती धरले, वाहतुकीला २० टक्क्यांची मर्यादा पाळली की नाही, हे त्यावर दिसते. मर्यादा पाळली नसेल तर बिलावरचा नंबर देऊन कंपनीच्या सीमाशुल्क विभागाला ईमेल करा. आणि हे खरे आकडे अंदाजाच्या कागदावर समोरासमोर लिहा, म्हणजे पुढच्या ऑर्डरीला ‘समजा’ म्हणून धरायचे आकडे कमी होतील.